कोडावरील उपचारांची निवड : सहनिर्णयाच्या संकल्पनेचे एक विवेचन

रोगाचे निदान झाले म्हणजे उपचारही ठरलाच, अशी एक समजूत वैद्यकाच्या अध्यापनात न बोलता वावरत असते. पुष्कळ रोगांच्या बाबतीत ती खरीही असते. कुष्ठरोगाचे उदाहरण घ्यावे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हापासून निदान आणि औषधयोजना यांच्यामध्ये निवडीला फारशी जागा उरलेली नाही. रोगाचा प्रकार निश्चित झाला की कोणती औषधे, किती मात्रेत व किती महिने द्यावयाची हे ठरून जाते. आणि ती घेण्यातच रुग्णाचे व समाजाचे हित आहे, याविषयी कोणाही समंजस वैद्याच्या मनात संदेह नसतो.

मराठीत ज्याला कोड म्हणतात त्या रोगाची गोष्ट अगदी निराळी आहे. ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दाचेच प्राकृतातून आलेले रूप होय, आणि ‘श्वेतकुष्ठ’ हे नाव तर अजूनही कानांवर येते. ज्या दोन रोगांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, ज्यांतील एक जंतुजन्य आहे आणि दुसरा मुळीच संसर्गजन्य नाही, त्यांना भाषेने एका दावणीला बांधून ठेवले. या नावाच्या नात्याने जितके दुःख निर्माण केले तितके प्रत्यक्ष डागांनीही कदाचित केले नसेल. असो. येथे प्रस्तुत असलेला भेद दुसराच आहे. कोडाचे निदान अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा काही मिनिटांत करतो. परंतु त्यानंतर काय करावे, या प्रश्नाला वैद्यकाच्या ग्रंथात एकच एक उत्तर नाही. तेथे अनेक मार्ग आहेत. प्रत्येकाचे फळ अनिश्चित, प्रत्येकाचे मोल निराळे, आणि त्यांतील एक तर असा की त्यावरून मागे फिरता येत नाही. अशा ठिकाणी निवड कोणी करावयाची, आणि कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. जगाच्या लोकसंख्येत शंभरांमागे सुमारे अर्धा ते दोन माणसांना कोड असते, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत त्याचा आरंभ विसाव्या वर्षाच्या आत होतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेतील रंजकपेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. ज्या जागी त्या नष्ट होतात तेथे त्वचा खडूसारखी पांढरी दिसू लागते. रोग दुखत नाही, सामान्यतः खाजत नाही, आणि आयुष्य तोडीत नाही. कंठस्थ ग्रंथीचे विकार या रुग्णांत अधिक आढळतात, म्हणून तेवढी तपासणी करणे इष्ट असते. याचा अर्थ असा की, कोडाने होणारी हानी बहुतांशी त्वचेत नसून त्या त्वचेसह जगण्यात आहे. तीच चार डागांची बोटे एका शेतकऱ्याला वर्षानुवर्षे आठवतही नाहीत, आणि एखाद्या शिक्षिकेला फळ्यावर लिहिताना क्षणोक्षणी आठवतात. डागांचे क्षेत्रफळ मोजून या दोघांतील फरक सापडणार नाही.

ही गोष्ट संशोधकांनाही उशिराच उमगली. कार्डिफ येथील फिनले व खान यांनी १९९४ साली त्वचारोगाचा जीवनमानावर होणारा परिणाम मोजण्यासाठी दहा प्रश्नांची एक सूची तयार केली. तिचे गुण शून्य ते तीस या मर्यादेत पडतात. परंतु विवाह जुळणे, नातेवाइकांचे टोमणे, ‘हे आनुवंशिक आहे का’ ही सततची विचारणा, यांसारखे भारतीय जीवनातील प्रश्न तीत मावत नाहीत. म्हणून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञांनी केवळ कोडासाठी एक स्वतंत्र परिणामश्रेणी रचली व ती २०१३ साली प्रसिद्ध केली. मोजमापाची साधने अशी बदलली. तथापि तपासणीच्या खोलीतील संभाषण फारसे बदललेले दिसत नाही.

आता मार्ग कोणते ते पाहू. पहिला मार्ग म्हणजे काहीही औषध न करणे, किंवा डाग झाकणारी प्रसाधने वापरणे. हा मार्ग बहुधा वैद्याच्या तोंडून उच्चारलाच जात नाही. वस्तुतः निर्णयाच्या पत्रकावर तो सर्वांत वर असावयास हवा, कारण बाकीच्या सर्वांची तुलना त्याच्याशीच करावयाची असते. दुसरा मार्ग मलमांचा : स्टिरॉइडयुक्त मलमे, जी दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, आणि टॅक्रोलिमससारखी मलमे, ज्यांत तो दोष नाही पण जी विशेषेकरून चेहऱ्यावरच उपयोगी पडतात. तिसरा मार्ग किरणोपचाराचा, आणि त्याविषयी अधिक विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण आज पसरलेल्या कोडासाठी मुख्य भरवसा त्यावरच आहे.

किरणांनी कोडावर उपचार करण्याची कल्पना जुनी आहे. बावचीचे बी लावून उन्हात बसण्याचा उपाय आपल्याकडे परंपरेने चालत आला. ईजिप्तमध्ये त्याच जातीचे द्रव्य असलेल्या दुसऱ्या एका वनस्पतीचा उपयोग होत असे, आणि कैरोच्या एल् मोफ्ती यांनी १९४८ च्या सुमारास त्यातील शुद्ध द्रव्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आज औषध न देता केवळ अतिनील किरणांचा ३११ ते ३१३ नॅनोमीटरचा अरुंद पट्टा वापरतात. दवाखान्यात त्याला ‘नॅरोबँड’ असेच म्हणतात. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा रुग्णाने यंत्राच्या कपाटात काही सेकंद ते काही मिनिटे उभे राहावयाचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित समीक्षेत या उपचाराचे फळ काळानुसार मांडलेले आहे. तीनचतुर्थांशाहून अधिक रंग परत आलेले रुग्ण तीन महिन्यांनी शंभरांत सुमारे १३, सहा महिन्यांनी १९ आणि बारा महिन्यांनी ३६ होते. म्हणजे जो रुग्ण तीन महिन्यांनी निराश होऊन थांबतो तो मधल्या पायरीवरूनच परततो. पण याच समीक्षेतील दुसरी आकडेवारी निर्णयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तितकाच चांगला परिणाम चेहरा व मान यांवर शंभरांत ४४ जणांत दिसला, धडावर २६, हातापायांवर १७. आणि पंजे व पावले यांवर शून्य.

हे शून्य आकस्मिक नव्हे. रंग परत येतो तो मुख्यतः केसांच्या मुळांशी दडलेल्या राखीव रंजकपेशींपासून. म्हणूनच बरा होणारा डाग प्रथम तपकिरी ठिपक्यांनी भरू लागतो. जेथे केसच नाहीत, म्हणजे बोटांची टोके, ओठ, तळहात, तेथे हा साठाही नाही. डागातील केस पांढरे झाले असतील तर तेथेही आशा थोडी. वैद्याला हे कारण ठाऊक असते. रुग्णाला मात्र कळते ते इतकेच की शेजारच्या बाईंच्या गालावरचा डाग किरणांनी गेला, तेव्हा आपल्या बोटांवरचाही जाईल. दोघांच्या ज्ञानातील हे अंतर मिटल्याशिवाय रुग्णाने दिलेला होकार हा होकारच नव्हे.

शिवाय मोलाचा प्रश्न आहे. आठवड्यातून दोनदा म्हणजे वर्षाला १०४ खेपा, तीनदा म्हणजे १५६. यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी आणि रुग्ण तालुक्याच्या गावी असेल तर प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि बहुधा अर्ध्या दिवसाची मजुरी. हा खर्च शास्त्रीय निबंधात कोठेही नोंदलेला नसतो. तो फक्त रुग्णालाच ठाऊक असतो. म्हणजे ज्या प्रश्नाचा निर्णय करावयाचा त्याची अर्धी माहिती टेबलाच्या एका बाजूस असते आणि अर्धी दुसऱ्या बाजूस. सहनिर्णयाची गरज कोणत्या भावनेतून उत्पन्न होत नाही, ती या वस्तुस्थितीतून उत्पन्न होते.

चौथा मार्ग शस्त्रक्रियेचा. मांडीसारख्या झाकलेल्या जागेची रंगीत त्वचा, किंवा तिच्यातून वेगळ्या केलेल्या पेशींचे मिश्रण, पांढऱ्या जागी बसवितात. रोग निदान एक वर्ष स्थिर असला पाहिजे, ही येथील मुख्य अट. अन्यथा जेथून त्वचा घेतली तेथेही नवा डाग उठू शकतो, कारण कोडात जखमेच्या जागी रोग उमटण्याची प्रवृत्ती असते. शरीराच्या एकाच बाजूस एका पट्ट्यात मर्यादित राहणाऱ्या प्रकारात या शस्त्रक्रियेचे फळ चांगले मिळते. ओठांवर व बोटांवर किरण जेथे हरतात तेथेही तिचा विचार करता येतो, जरी बोटांच्या सांध्यांवर यश कमीच.

पाचवा मार्ग नव्या मलमाचा. रक्सोलिटिनिब नावाचे मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्य झाले. त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत चोवीस आठवड्यांनी चेहऱ्यावर तीनचतुर्थांश सुधारणा शंभरांत सुमारे ३० जणांत झाली. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. ज्यांना औषधविरहित मलम दिले होते त्यांच्यातही ती सुधारणा एका चाचणीत ७ आणि दुसरीत ११ जणांत झाली होती. तेव्हा औषधाच्या पदरात टाकावयाचे यश शंभरांत वीस-बावीस जणांचे. ‘तीस टक्के गुण’ असे सांगणे आणि ‘शंभर जणांनी लावले तर वीस-बावीस जणांना लावल्यामुळे फायदा होतो, आठ-दहा जणांना न लावताही झाला असता, आणि सत्तरांना या मुदतीत इतका होत नाही’ असे सांगणे, या दोन्हीत असत्य काहीच नाही; परंतु ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारी चित्रे एक नव्हेत. त्याच मलमाच्या वेष्टनावर गंभीर संसर्ग, हृदयविकार, कर्करोग यांचा ठळक इशारा छापलेला असतो. तो मुख्यतः याच वर्गातील पोटात घेण्याच्या औषधांच्या अनुभवावरून आलेला आहे, हे न सांगता तो वाचून दाखविला तर रुग्ण घाबरेल. आणि मुळीच न सांगितला तर ती फसवणूक होईल.

शेवटचा मार्ग विलक्षण आहे. रोग अंगभर पसरला आणि थोडेच मूळ रंगाचे ठिपके उरले, तर ते ठिपकेच घालवून सर्व त्वचा एकसारखी पांढरी करावयाची. याचे औषध मोनोबेन्झोन. त्याचा शोध अपघातानेच लागला. अमेरिकेतील कातडी कमावण्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांचा रंग गेला, आणि ते रबरातील याच द्रव्यामुळे, असे १९३९ साली नोंदविले गेले. या उपायाने गेलेला रंग कायमचा गेला असेच धरून चालावे लागते. उन्हापासून जन्मभर जपावे लागते. आणि कधीकधी रंगाचे ठिपके पुन्हा उगवून नवे विद्रूप निर्माण होते ते वेगळेच. गोऱ्या त्वचेच्या देशात ही निवड एका प्रकारची आहे. जेथे त्वचेच्या रंगावर माणसाची ओळख, जात-कुळाविषयीचे अंदाज आणि विवाहाच्या बाजारातील किंमत ठरते तेथे ती दुसऱ्याच प्रकारची होते. हा निर्णय एका भेटीत होऊ नये, इतके म्हणण्यास कोणत्याही सिद्धान्ताची आवश्यकता नाही.

या मार्गांपैकी कोणता घ्यावा हे ठरविण्याची जी पद्धती तिला इंग्रजी वैद्यकवाङ्मयात रूढ झालेल्या संज्ञेस अनुसरून येथे सहनिर्णय म्हटले आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या एका नीतिविषयक आयोगाच्या १९८२ च्या अहवालात ही कल्पना ठळकपणे पुढे आली. १९९७ साली कॅनडातील चार्ल्स, गॅफ्नी व व्हेलन या तिघांनी तिच्या चार अटी सांगितल्या : निर्णयात वैद्य व रुग्ण असे किमान दोघे सहभागी असावेत, दोघांनीही आपापली माहिती द्यावी, दोघांनीही एकमताकडे पावले टाकावीत, आणि जो उपचार करावयाचा त्याला दोघांची मान्यता असावी. पुढे २०१२ मध्ये एल्विन व त्यांचे सहकारी यांनी संभाषणाचे तीन टप्पे कल्पिले. प्रथम, निवड करावयाची आहे हे सांगणे. नंतर, पर्याय कोणते ते मांडणे. शेवटी, रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते ते जाणून निर्णय करणे. यांतील पहिला टप्पा क्षुल्लक वाटतो, पण तोच बहुधा गाळला जातो. ‘आता हे मलम आणि आठवड्यातून दोनदा लाइट’ या वाक्याने भेट संपते, आणि निवड नावाची काही वस्तू तेथे होती याची रुग्णाला वार्ताही लागत नाही.

सहनिर्णय आणि संमती यांची गल्लत होऊ देऊ नये. संमती ही कायद्याची गोष्ट आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निर्णयात, उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके, अन्य पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, असे सांगितले. मात्र पुरेशी माहिती कोणती हे रुग्णाच्या अपेक्षेवरून न ठरविता सामान्य व विवेकी वैद्यकव्यवहारावरून ठरविले. संमतीत वैद्य प्रस्ताव मांडतो आणि रुग्ण होय किंवा नाही म्हणतो. सहनिर्णयात प्रस्तावच दोघांनी मिळून घडवावयाचा असतो. २०२३ साली कोडाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आपल्या शिफारशींत उपचाराच्या आराखड्यातच याला स्थान दिले, तेव्हा ही कल्पना निदान या रोगापुरती तरी नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून उपचाराच्या ग्रंथांत आली.

रुग्णाचे मत विचारल्याने विज्ञानाचे काय होते, असा प्रश्न करणाऱ्यांनी इंग्लंडमधील एका चाचणीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तेथे २०१०-११ च्या सुमारास कोडाचे रुग्ण आणि वैद्य यांनी एकत्र बसून, संशोधनाने आधी कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, त्यांची यादी केली. त्या यादीतून जी चाचणी निघाली तीत ५१७ मुले व प्रौढ होते. हातात धरण्याच्या लहान यंत्राने घरीच घ्यावयाचे किरण, स्टिरॉइडचे मलम, आणि दोन्ही एकत्र, यांची तीत तुलना केली, आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणीय गोष्ट ही की यशाचे माप रंग परत आलेल्या क्षेत्राचे नव्हते. नऊ महिन्यांनी रुग्णाला विचारावयाचे : पूर्वीपेक्षा डाग आता कितपत नजरेत भरतो? ‘पुष्कळ कमी’ किंवा ‘मुळीच नाही’ असे उत्तर आले तरच यश. नुसत्या मलमाने शंभरांत १७, नुसत्या किरणांनी २२ आणि दोन्ही मिळून २७ रुग्णांनी असे उत्तर दिले. आणि उपचार थांबल्यावर वर्षभरात ज्यांना गुण आला होता त्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांचा तो ओसरू लागला. ठरल्याप्रमाणे नियमाने उपचार करणारे निम्म्याहून कमीच निघाले. आकडे उत्साहवर्धक नाहीत. परंतु ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहेत तो प्रश्न रुग्णाचा आहे, आणि म्हणूनच ते टेबलावर मांडता येतात.

आता आपल्याकडील परिस्थिती. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावाहून बावीस वर्षांची मुलगी आईवडिलांसमवेत आली आहे. डाग ओठांवर व दोन्ही हातांच्या बोटांवर आहेत. आई विचारते, “डॉक्टर, लग्नाच्या आत जातील ना हे?” वैद्य म्हणतो, “फरक पडेल.” वडील खर्च विचारतात. मुलगी बोलत नाही. या चौघांत कोणीही वाईट हेतूने वागत नाही, आणि तरीही निर्णय चुकण्याची सर्व तयारी झालेली आहे. ‘फरक पडेल’ याचा वैद्याच्या मनातील अर्थ असा की रोगाचा प्रसार थांबेल, कदाचित ओठांच्या कडेला थोडा रंग येईल. आईने ऐकले ते ‘जातील’. मराठीत ‘बरे होणे’ हा एकच शब्द किमान चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो : रोग पसरायचा थांबणे, गेलेला रंग परत येणे, उपचार थांबविल्यावरही तो टिकणे, आणि लोकांच्या नजरेत न येणे. यांपैकी पहिली गोष्ट पुष्कळदा साध्य होते, दुसरी जागेवर अवलंबून, तिसरीची शाश्वती नाही, आणि चौथी कधीकधी प्रसाधनानेही साधते. रुग्णाला यांतील काय हवे आहे हे विचारल्याखेरीज ‘बरे होईल’ वा ‘होणार नाही’ ही दोन्ही वाक्ये निरर्थक होत.

चार्ल्स व सहकारी यांची पहिली अट येथे पुन्हा आठवावी लागते. किमान दोघे, आणि ते दोघे म्हणजे वैद्य व रुग्ण. आई आणि वैद्य यांनी मिळून ठरविले तर संख्येने दोघे होतात, पण ते दोघे नव्हेत. यावरून कुटुंबाला खोलीबाहेर काढावे असा निष्कर्ष काढणे मात्र उथळपणाचे होईल. भाडे वडील देणार, मलमाची आठवण आई करणार, आणि विवाहाच्या बोलण्यात डागांचा उल्लेख केव्हा व कसा करावा हा प्रश्न सर्वांनाच पडलेला असणार. आपल्याकडे निर्णय पुष्कळदा घराचा असतो व त्यात आधारही असतो. एवढेच पाहावे लागते की तिसरा माणूस दुसऱ्याची जागा घेणार नाही. तपासणीच्या निमित्ताने पाच मिनिटे मुलीशी एकटीने बोलणे हा साधा उपाय अनेक वैद्य करतात. “तुला स्वतःला यातलं सगळ्यात काय खुपतं?” या प्रश्नाला ती कदाचित डागांचे नावच घेणार नाही, दर महिन्याला कोणी तरी सुचविलेले नवे पथ्य पाळावे लागते, दही-मासे बंद झाले, त्याचा तिला कंटाळा आला असेल. पथ्याला शास्त्रीय आधार नाही, हे सांगणे हाच त्या दिवशीचा सर्वांत मोठा उपचार ठरू शकतो. पुण्यातील श्वेता असोसिएशनसारख्या, कोड असलेल्यांच्या परस्पर-साहाय्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचा पत्ता देणे हाही अशा वेळी पर्यायांपैकीच एक होय. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ सालचा चित्रपट याच प्रश्नाविषयी आहे, आणि त्वचारोगाच्या विद्यार्थ्यांना तो पाठ्यपुस्तकाइतका उपयोगी पडण्यासारखा आहे.

लहान मुलांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डागांचे पुष्कळदा काहीच वाटत नसते. दुःख आईवडिलांचे असते, आणि भविष्यकाळाचे असते. उपचार लवकर केल्यास गुण अधिक येण्याचा संभव असतो, हेही खरे. तेव्हा थांबावे तर संधी जाते, आणि सतत तेल-मलम-किरण यांत गुंतवावे तर ज्या मुलाला आपण रोगी आहोत हे ठाऊक नव्हते त्याला ते शिकविले जाते. येथे कोणतेही पत्रक निर्णय करून देऊ शकत नाही.

पत्रकाचा उल्लेख आला, तेव्हा त्याविषयी. पर्याय, त्यांची फळे व धोके सोप्या भाषेत आणि चित्रांनी मांडणाऱ्या साधनास निर्णयसाहाय्य पत्रक म्हणता येईल. वैद्यकाच्या सर्व शाखांतील अशा साधनांच्या १०५ चाचण्यांची कॉक्रेन समीक्षा २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसते की ती वापरल्याने रुग्णांचे ज्ञान वाढते, धोक्यांविषयीचे अंदाज अधिक अचूक होतात, मनाची द्विधा अवस्था कमी होते आणि केवळ मान हलविणारे रुग्ण कमी होतात. वैद्याचा किती वेळ अधिक लागतो? सरासरी २.६ मिनिटे. युरोप-अमेरिकेत हा आकडा दिलासा देण्यासाठी सांगितला जातो. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, जगातील प्राथमिक वैद्यकसेवेच्या एका पाहणीत भारतातील एका भेटीचा सरासरी काळ सुमारे २.३ मिनिटे आढळला. जेथे वाढीव वेळच मूळ वेळेहून अधिक, तेथे बाहेरचे पत्रक भाषांतर करून चालविणे म्हणजे निव्वळ देखावा होय.

मग काय करता येईल? ज्या वेळाची खरोखर टंचाई नाही तो वेळ प्रतीक्षागृहातला आहे. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण दोन-तीन तास बसून असतो. एका पानाचे मराठी पत्रक, शंभर चौकोनांची आकृती, आणि ते समजावून देणारी परिचारिका वा समाजसेवक, एवढे असले तर वैद्याची दोन मिनिटे शेवटच्या टप्प्यासाठी, म्हणजे ‘या सर्वांत तुम्हाला काय जमेल व काय हवे’ या प्रश्नासाठी, शिल्लक राहतात. पत्रकात ‘टक्के’ न लिहिता ‘शंभर माणसांपैकी’ असे लिहावे. चेहरा, धड, हातपाय आणि पंजे यांचे चौकोन वेगळे काढावेत. खेपांची संख्या छापावी आणि भाड्याची जागा रिकामी ठेवावी, ती रुग्णाने भरावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आकृती पुरेशी होते की नाही, याची परीक्षा आपल्याच विभागांतून झाली पाहिजे. ती बाहेरून कोणी करून देणार नाही. पदव्युत्तर प्रबंधांसाठी विषय शोधणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे.

याउपरही बरेच रुग्ण म्हणतील, “तुम्ही सांगाल ते. तुम्ही शिकलेले, आम्हाला काय कळतं?” हे उत्तर सहनिर्णयाचे अपयश समजण्याचे कारण नाही. पर्याय ऐकून घेतल्यावर कोणी निर्णय विश्वासाने वैद्याकडे सोपवीत असेल तर तोही त्याचा निर्णय आहे. आणि अशा वेळी ‘तुमचे तुम्हीच ठरवा’ म्हणून अंग काढून घेणारा वैद्य रुग्णाच्या स्वातंत्र्याचा आदर करीत नसून आपली जबाबदारी टाळीत असतो. उलटपक्षी, रुग्ण मागेल तो उपचार दिलाच पाहिजे असाही या कल्पनेचा अर्थ नाही. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून पोटातून महिनोन्‌महिने स्टिरॉइड मागणाऱ्यास नाही म्हणणे, आणि ते का हे सांगणे, हा त्याच संभाषणाचा भाग आहे.

कोडाचा निर्णय एकदा करून संपत नाही, ही यातील सर्वांत कमी लक्षात घेतली जाणारी बाजू. किरणोपचाराचा गुण येत नाही असे म्हणण्यापूर्वी सुमारे ७२ बैठका होऊ द्याव्यात, असे तज्ज्ञांचे मत आहे. आठवड्याला तीन या हिशेबाने ते सहा महिने होतात. तेव्हा उपचार सुरू करतानाच थांबण्याचा दिवसही ठरविलेला बरा. पहिल्या दिवशी डागांचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि केसपेपरवर त्याच्याजवळ रुग्णाला कोणत्या डागाचे सर्वाधिक वाटते व किती फरक पडला तर एवढ्या खेपा सार्थकी लागल्या असे तो मानील, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. बहात्तराव्या बैठकीला दोघांनी ते छायाचित्र व ते वाक्य समोर ठेवावे, आणि पुढे जावयाचे, मार्ग बदलावयाचा की थांबावयाचे, ते त्या दिवशी पुन्हा ठरवावे.